इंदुताईंनी खोडलेलं दीड पान

इंदुताई गेल्याचं मला शाळेत कळलं. सातवीच्या वर्गावर भूमितीचा तास चालला होता. मुख्याध्यापिकाबाई स्वतः दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हाच काहीतरी विपरीत घडलंय हे समजलं. "सुधाताई, चौबळांकडचा निरोप आहे..." एवढंच त्या म्हणाल्या. फळ्यावर त्रिकोणाची तिसरी बाजू काढायची राहिली होती. ती काढली, हाताचा खडू झटकला आणि निघाले. आज त्याला सहा आठवडे झाले.

इंदुमती चौबळ हे नाव वाचकांना प्रेमकथांमुळे ठाऊक आहे. त्यांना पत्रं लिहिणाऱ्या मुली मनात काय चित्र रंगवत असतील कोण जाणे! प्रत्यक्षात इंदुताई म्हणजे पांढऱ्या पातळातल्या, ठेंगण्या, शब्द अडला की चिमूटभर तपकीर ओढून तीन वेळा शिंकणाऱ्या बाई. सतराव्या वर्षी त्यांना वैधव्य आलं, आणि नंतरचं सगळं आयुष्य पनवेलला वडाळे तळ्याजवळच्या सासरच्या घरातच, दीर-जावेच्या संसारात गेलं. त्यांच्या पहिल्या कादंबरीचं नाव झालं तेव्हा गावात एकच प्रश्न होता : "हिला हे सगळं कुठून कळलं?" तो विचारणाऱ्यांचा सूर बरा नसे.

माझी त्यांची गाठ पडली ती माझ्या अक्षरामुळे. त्यांचं अक्षर छापखान्यात कुणाला लागेना, म्हणून स्वच्छ प्रत करून देणारं कुणीतरी हवं होतं. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी नुकतीच शिक्षिका झाले होते, लग्न व्हायचं होतं. "बिनलग्नाच्या मुलीने असलं काही उतरवून काढायचं नाही," असं आईने बजावलं. पहिलं प्रकरण मी तरीही घरी आणलं. चौथ्या दिवशी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मग? तो परत आला की नाही?"

पुढे त्यांनी दर्यावर जाणाऱ्या एका कोळ्याची आणि त्याच्या बायकोची कथा लिहायला घेतली. मासिकातून ती क्रमशः येत होती, आणि गिरगावातल्या प्रकाशकांकडे पुस्तकाची छपाईही सुरू झाली होती. एका सकाळी सुकी मासळी विकायला आलेली एक बाई इंदुताईंची चौकशी करत घरी आली. मी प्रत करत बसले होते. तिने पाटी अंगणात उतरवली, पदराने तोंड पुसलं. तिचं नाव हिराबाई, गाव उरणजवळचं मोरा. धाकटी बहीण शिकलेली होती, तिने मासिक वाचून दाखवलं होतं.

"बाय, तुमची गोष्ट आयकली. बरी हाय," ती म्हणाली. "पन तुमच्या पोरीच्या उजव्या हातान बांगड्या कशा?"

इंदुताईंनी टाक खाली ठेवला. नायिकेच्या बांगड्यांच्या किणकिणीवर त्यांनी एक अख्खं प्रकरण उभं केलं होतं.

"आमी उजव्या हातान बांगड्या नाय घालत. लग्नान त्या दर्याला देतो. म्हंजे तो आमच्या मानसाला सांभालतो."

तेव्हा माझं लक्ष हिराबाईंच्या हातांकडे गेलं. उजवा मोकळा होता. डावाही मोकळाच होता.

दुसऱ्या कुणी लेखिकेने चहा पाजून, आभार मानून तिची बोळवण केली असती. इंदुताईंनी तिला ओटीवर बसवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसल्या. "हिराबाई, मी तुमच्या गावी आले तर मला चार दिवस ठेवून घ्याल?" त्यांनी विचारलं. विधवा बाईने कोळ्यांच्या घरी जाऊन राहायचं म्हणजे त्या काळी काय, हे आज सांगून पटणार नाही. दीर दोन दिवस जेवायला घरी आले नाहीत. मी सोबत निघाले, तेव्हा जाऊबाई मात्र गुपचूप माझ्या पिशवीत लोणच्याची बरणी ठेवून गेल्या.

उरणपर्यंत एसटीने आणि तिथून टांग्याने आम्ही मोऱ्याला गेलो. चार दिवसांचे आठ दिवस झाले. इंदुताई कधी वहीत टिपून घेत नसत. कागद काढला की माणूस सावध होतं, म्हणायच्या. जाळी विणणाऱ्या बायकांत बसायच्या, बोंबील वाळत घालायच्या, आणि मध्येच एखादा साधा प्रश्न विचारायच्या. एका दुपारी धक्क्यावर बसलो असताना त्यांनी हिराबाईंना विचारलं, "इतक्या लांबून सगळी शिडं सारखीच दिसतात. आपलं माणूस कुठल्या होडीत, ते कसं ओळखता?"

"ठिगलावरून," हिराबाई म्हणाल्या. "शीड फाटला का ठिगल मीच लावायचे ना. माजा ठिगल मला नाय वलकायचा?"

इंदुताईंनी बिचकतच विचारलं, "आणि बांगड्या देऊनसुद्धा... दर्याने...?"

हिराबाई पाण्याकडे बघत होत्या. रागाचा लवलेशही नव्हता चेहऱ्यावर. "दर्या मोटा हाय, बाय," त्या म्हणाल्या. "इसरला आसंल."

परतताना एसटीत मी उतावीळपणे म्हटलं, "ताई, हे वाक्य कादंबरीच्या शेवटी घाला!" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी वरमले. "ते तिचं आहे, सुधा," त्या म्हणाल्या. "ठिगळ मी मागून घेतलं. हे मागायची माझी छाती नाही." ते वाक्य त्यांनी कधीही, कुठेही वापरलं नाही. मी आज इथे लिहिलंय ते हिराबाईंना विचारून. इंदुताईंच्या दहाव्याला त्या आल्या होत्या. "लिव," म्हणाल्या, "तिनं लिवला आसता तरी चाललं आसतं."

घरी आल्यावर इंदुताईंनी हस्तलिखित पुढ्यात घेतलं. नवऱ्याची होडी परतताना पाहणाऱ्या नायिकेच्या मनःस्थितीचं दीड पान त्यांनी लिहिलं होतं. ऊर धडधडणं, डोळे पाणावणं, सारं काही. मला ते पान पाठ होतं, इतकं ते मला आवडे. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी त्यावर आडव्या रेघा ओढल्या आणि खाली तीनच ओळी लिहिल्या. शीड दिसतं, शिडावरचं ठिगळ दिसतं, आणि ती घरात जाऊन चुलीत लाकूड सारते. बस्स. त्या तीन ओळी मी उतरवून घेतल्या. तोवर शब्द सजवायचे असतात असंच मी समजत होते.

बांगड्यांचं प्रकरण मात्र छापून तयार होतं. प्रकाशकांनी लिहिलं, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करू, एवढं कोण बघतंय. इंदुताई स्वतः मुंबईला जाऊन त्यांच्यासमोर बसल्या. "मोऱ्याची एक बाई बघते," म्हणाल्या. तेवढ्या पानांचे फर्मे पुन्हा जुळवले गेले, आणि दिवाळीला निघायचं पुस्तक होळीला निघालं.

गावाचा तो जुना प्रश्न पुष्कळ वर्षांनी मीच त्यांना विचारला. माझं लग्न होऊन दोन मुलं झाली होती, म्हणून धीर झाला. "ताई, तुम्हाला हे सगळं कुठून कळलं?"

त्या हसल्या. आठ महिन्यांचा संसार, वडीलधाऱ्यांनी भरलेलं घर, दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलायची सोय नाही. सासऱ्यांना दिसत नसे म्हणून यजमान त्यांना ओटीवर रोज वर्तमानपत्र वाचून दाखवत, आणि इंदुताई माजघराच्या दाराआड तांदूळ निवडत. "एकदा तांदळाचे भाव वाचता वाचता तसल्याच सुरात म्हणाले, पनवेलच्या बाजारात आज मोगरा उत्तम आला असून तो सायंकाळपर्यंत घरपोच मिळेल. सासरे म्हणाले, हे कुठल्या पानावर रे? तर म्हणाले, आतल्या!" इंदुताईंनी पदर तोंडाला लावला. पन्नाशीच्या बाई, पण त्या क्षणी सतरा वर्षांच्या दिसल्या. "त्यानंतर रोज एक बातमी माझी असे. कुठली ती मला ओळखायला लागायची. कान देऊन ऐकायला मी तिथे शिकले बघ."

त्या आयुष्यभर माजघराच्या त्याच दारापाशी बसून का लिहीत होत्या, ते मला त्या दिवशी कळलं.

गेल्या रविवारी जाऊबाईंनी बोलावलं म्हणून गेले. पाट, दौत, तपकिरीची डबी सगळं जागच्या जागी होतं. "मी केर काढते, पण ते हलवत नाही," त्या म्हणाल्या. शेवटच्या कादंबरीची पानं त्यांनी माझ्या हाती दिली. कादंबरी पुरी झालेली आहे, फक्त एका वाक्यात जागा कोरी आहे. उंबऱ्याशी थांबून तो तिच्याकडे... पाहतो. कसा पाहतो, तो शब्द इंदुताईंना सापडायचा राहिला. प्रकाशकांचं पत्र आलंय की वीस वर्षं तुम्ही त्यांचं लिखाण उतरवलंत, योग्य तो शब्द तुम्हीच घालावा.

मी त्यांच्या जागेवर बसले. डोळे भरून, एकटक, हळुवार, नव्याने... सगळे शब्द बसत होते, आणि त्यांतला एकही त्यांचा नव्हता. तळ्याकडून कपडे आपटल्याचा आवाज येत होता. जाऊबाई चहा ठेवून आत गेल्या. मी प्रतीचा कागद पुढ्यात घेतला, टाक दौतीत बुडवला, "तिच्याकडे" लिहिलं, चारेक अक्षरं मावतील एवढी जागा मोकळी सोडली आणि पुढे "पाहतो" लिहिलं.