कोरी प्रश्नावली

नारायणगुड्यातले ते टायपिस्टकाका प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘हौ’ म्हणत. ओळ संपून टाइपरायटरची घंटी वाजली की तिलाही ‘हौ’ म्हणत. कोरी जागा मात्र त्यांना खपत नसे.

माझा मानसशास्त्राचा प्रबंध चिंतेवर होता. तो सादर करायच्या आदल्या दिवशी प्रती हातात आल्या आणि मी कपाळाला हात लावला. परिशिष्टात नमुना म्हणून जोडलेली माझी मराठी प्रश्नावली काकांनी स्वतःच भरून टाकली होती, आणि कार्बनच्या कृपेने ती पाचही प्रतींत भरली होती.

‘लोक पाठीमागे बोलतात असं वाटतं का?’ बोलू द्या.

‘छातीत धडधडतं का?’ जिना चढल्यावर.

‘पुढची काळजी वाटते का?’ समोर कॉम्प्युटर सेंटर उघडल्यापासून, हौ.

मी तणतणत ते पान घेऊन त्याच सेंटरकडे निघाले. रस्ता ओलांडताना शेवटचं उत्तर पुन्हा वाचलं आणि मागे फिरले.

“काका, हे पान परत टाईप करायचंय.”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि हळूच विचारलं, “चुकली काय हो बाई उत्तरं?”