एका दांडीची खुर्ची

आमच्या कोळ्यांत वाटणी झाली की जाळंसुद्धा मधोमध कापायचे. अर्ध्या जाळ्यात अर्धी मासळी येते, कोणाचं अडत नाही. पण खुर्ची कापलेली मी एकदाच बघितली, आणि ती माझ्या थोरल्या भावाने कापली.

बापाची सागवानी आरामखुर्ची ती. लांब दांड्यांची. खाडीवरून आला की दोन्ही दांड्यांवर पाय टाकून पडायचा. शेवटी पंचांसमोर बोलून गेला, खुर्ची धाकट्याला. म्हणजे मला. घर आणि होडी थोरल्याकडे गेली, मी चकार शब्द काढला नाही. तरी तेराव्याला ह्याने करवत आणली, उजवी दांडी कापली आणि काखेत मारली. "वाटणी म्हणजे वाटणी!" सगळा कोळीवाडा हसला.

मी चौथीच्या पुढे शाळा बघितली नाही. पण राग कसा जपायचा ते मला कोणी शिकवायला नको.

यंदा खुर्चीच्या मागच्या पायाला वाळवी लागली, वेतही फाटला. नातीची हळद तोंडावर आलेली. मुलगा पॉलिशवाल्याला घेऊन आला.

"बाबा, अँटिक आहे. नवी दांडी बसवून होती तशी करूया."

"होती तशी म्हणजे कधीची?"

"कापायच्या आधीची. कापलेली ते कळणारपण नाही, काका," पॉलिशवाला मध्येच बोलला.

"म्हणूनच नको. पाय बदल, वेत विण. कापलंय तिथे पॉलिशचा बोळासुद्धा फिरवायचा नाही."

मुलगा दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. नको बोलू.

हळदीला थोरला टिटवाळ्याहून आला, हल्ली तिथेच लेकाकडे असतो. जुन्या लुंगीत गुंडाळलेली दांडी माझ्या मांडीवर ठेवली.

"घे रे. बसवून टाक आता. किती वर्षं धरून बसणार?"

मी ती खुर्चीला लावून बघितली. रेघेला रेघ जुळली. बापाची टाच टेकायची तिथला गुळगुळीतपणापण तसाच. त्यावर अंगठा फिरवला मी, खोटं कशाला बोलू. पण करवतीच्या दातांचे वळही तसेच होते.

"दादा, तू आधी बस," मी बोललो. "मोठा आहेस. मानाची खुर्ची आहे."

फुलला. बसला. खुर्ची खोल, त्याचे गुडघे गेलेले, आणि डावा खांदा वर्षभर धरलेला. हे सगळं मला ठाऊक होतं.

पोरीला हळद लावायला घरातल्या थोरल्याला हाक आली. मांडव सगळा ह्याच्याकडे बघतोय. ह्याने उजवा हात टेकायला टाकला, तो हवेत गेला. परत टाकला. परत मागे कलंडला.

"अरे, उठव ना मला!"

"उजवी दांडी धर ना, दादा. तुझ्याच वाटणीची आहे."

आधी एक म्हातारी हसली. मग सगळा कोळीवाडा. ह्या वेळी मीपण हसलो, पोट धरून. सगळ्यांचं हसून झालं तेव्हाच त्याच्या काखेत हात घालून त्याला उभा केला. त्याने पोरीला हळद लावली आणि न जेवता निघाला. दांडी काही परत मागितली नाही.

मुलगा विचारतो, आता तरी बसवायची का? दांडी मी माळ्यावर टाकलीय. पुढच्या वर्षी नातवाचं लग्न आहे. थोरल्याला आमंत्रण द्यायला मी स्वतः टिटवाळ्याला जाणार, आणि मांडवात खुर्ची असणार ती हीच.