श्रावणातली एक भुवई

सांगते बाई, सांगते. पण आधी चहाचे कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल आणि त्याचंही पाप माझ्याच माथी. माझ्या हातून आजवर बरेच घोटाळे झाले, पण तोंडावर दिसणारा हा एकच.

आम्ही तेव्हा कराडात राहत होतो. हे साखर कारखान्यात नोकरीला, घरात सासूबाई आणि नववीत शिकणारी माझी सुमी. माझं म्हणाल तर सोमवार, गुरुवार, शुक्रवार, चतुर्थी, एकादशी. एखाद्या दिवशी मी सकाळी जेवायला बसले तर हे काळजीनं विचारायचे, "आज बरं नाही का?"

अशात आमच्या गल्लीच्या टोकाला एक सुभेदारीणबाई राहायला आल्या. मूळच्या उंब्रजच्या, पण नवऱ्याच्या लष्करातल्या बदल्यांबरोबर सगळा उत्तर हिंदुस्थान फिरलेल्या. तिकडे कुठंतरी त्या भुवया कोरायला शिकल्या आणि इथं पुढच्या खोलीत ब्यूटी पार्लरची पाटी लावली. कराडात तोवर देवानं दिलेल्या भुवया आहेत तशाच वापरायची पद्धत होती.

झालं. नागपंचमी जवळ आलेली. माझं माहेर शिराळ्याचं, आणि शिराळ्याची पंचमी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच. सुमीनं भुणभुण लावली. "आई, सगळ्या मुली भुवया करणार आहेत. मी एकटीच झिपरी दिसणार."

"अगं, तुझं वय काय? कोवळी कातडी. आत्तापासून उपटायला लागलीस तर लग्नापर्यंत काही उरेल का?"

"मग कधी करू?"

"मॅट्रिक झाल्यावर बघू."

मी तिला देव्हाऱ्यापुढं उभी केली आणि जिवतीला हात जोडून वदवून घेतलं, की मॅट्रिक होईपर्यंत भुवईला दोरा लावणार नाही. पण कार्टी माझीच. म्हणाली, "तूही म्हण. आणि तू मोडलंस तर मी मोकळी."

मला हसू आलं. मी आणि भुवया? सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "घे की सपत. तुज्या भुवया कोण बगतंय?"

मी शब्द दिला.

पुढं श्रावणातला पहिला शुक्रवार उजाडला. पंचमी तोंडावर आलेली. दुपारी शेजारच्या काकी कुंपणावरून म्हणाल्या, "तुमची सुमी सुभेदारणीकडं शिरताना दिसली हो. काल पण गेलती."

पोरगी देवापुढं बोललेला शब्द मोडते म्हणजे काय? पदर खोचला आणि तरातरा निघाले. सुभेदारीणबाईंना चार शब्द सुनावायचे, सुमीच्या कानाला धरून घरी आणायचं, असं सगळं ठरवून गेले.

दारात बाई हसून म्हणाल्या, "या या वैनी, बसा."

आता तुम्हीच सांगा. श्रावणातला शुक्रवार, मी सवाष्ण, आणि समोरची बाई हसून बसा म्हणतेय. अशा वेळी हळदीकुंकू घ्यायच्या आधी भांडण काढायचं का? मी मनात म्हटलं, आधी कुंकू घेऊ, मग रागावू.

पाटाऐवजी खुर्ची पुढं केली. म्हटलं, असेल लष्करातली रीत. बाईंनी तोंडावर गुलाबपाणी शिंपडलं. म्हटलं, वा, किती अगत्य. मग कपाळावर काहीतरी मऊ फिरवलं. मी आपली भक्तिभावानं डोळे मिटून बसले. म्हटलं, दुधाचा पेला आणि फुटाणे येतीलच मागून.

"वैनी, कपाळ जरा ताणून धरा. दोनी हातांनी."

मी धरलं. कुंकू सरळ रेषेत लागावं म्हणून असेल, असं वाटलं. खरंच वाटलं हो, हसताय काय?

आणि मग भुवईवर कर्रकन काहीतरी झालं. लाल मुंग्यांची रांग चावत गेल्यासारखं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी म्हटलं, "अगं बाई, हे कसलं कुंकू?"

"हलू नगा, वाकडी हुईल."

वाकडी झाली तर काय घ्या, या भीतीनं मी गप्प बसले. डोळे उघडले तेव्हा बाईंच्या दातात दोऱ्याचं टोक आणि हातात आरसा. आरशात माझी उजवी भुवई चंद्रकोरीसारखी, आणि डावी होती तशी, खराट्यासारखी.

तेवढ्यात आतल्या खोलीतून सुमी आली. हातात कहाण्यांचं पुस्तक. बाईंच्या सासूला दिसत नव्हतं, म्हणून पोरगी रोज येऊन तिला कहाणी वाचून दाखवत होती. तिच्या दोन्ही भुवया दाट, जशाच्या तशा.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं, एका भुवईनं.

"आई," ती म्हणाली, "आपलं काय ठरलं होतं?"

"मी केलं नाही गं. झालं. मला वाटलं हळदीकुंकू आहे."

"बरं." ती शांतपणे दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, "मलाही हळदीकुंकूच वाटतंय. पुढं काय होतंय ते मला काय कळणार?"

सुभेदारीणबाईंनी तिला दंडाला धरून उठवलं. "ऊठ गं. शाळंतल्या पोरींना मी दोरा लावत न्हाई. मॅट्रिक हू दे, मग ये." आणि मला म्हणाल्या, "वैनी, तुमी बसा. दुसरी राहिलीया."

इथं खरी पंचाईत. पहिली भुवई नकळत गेली, ते देवाला कळतं. पण दुसरी कळूनसवरून केली म्हणजे शब्द मोडला, आणि शब्द मोडला की सुमी मोकळी. या बाई नाही म्हणाल्या तरी सांगलीला दुसरी कुणी असेलच. पोरीची भुवई वाचवायची तर माझी डावी राखायला हवी. मी उठले.

"अहो, आसं अर्धवट सोडून जाता व्हय?" बाई दारापर्यंत मागं आल्या.

"असू दे. अर्धा नेम तरी शाबूत राहील."

संध्याकाळी हे कारखान्यातून आले. मला एकदा इकडून बघितलं, एकदा तिकडून. मग म्हणाले, "एका बाजूनं तू रोजच्यासारखी आहेस. दुसऱ्या बाजूनं बघितलं की मी काहीतरी भलतंच बोललोय असं वाटतंय."

आणि अशी मी माहेरी गेले. डोक्यावरून पदर, तोही डावीकडं ओढलेला. पण फुगडीत पदर कुठं राहतो? दोन गिरक्यांत घसरला आणि भावजय हात सोडून मटकन खालीच बसली. "वन्सं, आवं हे काय?"

सगळ्या बाया गोळा झाल्या. आमच्या एक थोरल्या चुलती आहेत. त्यांनी माझी हनुवटी धरली, तळहातानं माझा उजवा डोळा झाकला आणि म्हणाल्या, "आशी म्हातारी." मग डावा झाकला. "आशी तरणी." परत उजवा. परत डावा. येईल तिला दाखवत होत्या.

पोरींचा तर गराडाच पडला. "आत्ती, कुटं केलं? पत्ता सांगा की."

"पोरींनो, शाळेत असताना हे करू नये," मी म्हटलं.

"तुमच्या तोंडावर तर लय झ्याक दिसतंय."

एकाच तोंडावर आधी कशी आणि नंतर कशी, असं दोन्ही. सुभेदारीणबाईंची पाटी कराडात, आणि मी शिराळ्यात फिरती. त्या पंचमीनंतर त्यांच्याकडं माझ्या माहेरच्या किती बाया येऊन गेल्या, ते विचारू नका. पोरी तेवढ्या त्यांनी परत पाठवल्या.

घरी आल्यावर सुमीच मला देव्हाऱ्यापुढं घेऊन गेली. हात जोडून म्हणाली, "देवी, माझ्या आईला या शब्दातून सोड. मी मॅट्रिकपर्यंत थांबते, खरंच थांबते. पण हिला आता जाऊ दे. शाळेत पोरी विचारतात, तुझ्या आईला काय झालंय?"

माझे डोळे भरून आले. सासूबाई म्हणाल्या, "जा बया. मला बी जेवताना समोर बगवंना."

पुढच्या शुक्रवारी मी गेले. या वेळी डोळे उघडे ठेवून.

सुमीनं शब्द पाळला. मॅट्रिकही झाली. मी आपण होऊन म्हटलं, "चल, आता तुझ्या भुवया करून घेऊ." तर म्हणते, "नको गं आई, दर महिन्याला कोण जाऊन बसणार तिथं?"

बाकी माझे सोळा सोमवार झाले, गुरुवार झाले, सगळ्यांची रीतसर उद्यापनं झाली. सुभेदारीणबाईंकडचा महिन्याचा शुक्रवार तेवढा अजून चालू आहे. एकदाही चुकला नाही, आणि त्याचं उद्यापन कसं करतात ते कुठल्याच कहाणीत सापडत नाही.