एकशे पंचावन्नचे टायर

माझी बदली नव्या रायपूरला मंत्रालयात झाली, तेव्हा तिकडे बस क्वचितच जायची. म्हणून आम्ही एक जुनी छोटी गाडी घेतली आणि चाळिशीत मी स्टिअरिंग धरलं. आधीच्या मालकाने हौसेने रुंद टायर बसवले होते. गाडी ऐटबाज दिसायची, पण समता कॉलनीतल्या आमच्या गल्लीत वळवली की स्टिअरिंग जड व्हायचं आणि पुढून खर्र आवाज यायचा.

"तुहा हातच कच्चा आहे," शेजारी बसलेले माझे यजमान म्हणायचे. महिनाभर ऐकून मलाही ते पटलं. मी पुन्हा शेअर जीपने जाऊ लागले आणि गाडी दारात धूळ खात राहिली.

माझे वडील रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून निवृत्त झाले होते. एका रविवारी आले आणि चहा घ्यायच्या आधीच पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले. आतल्या पत्र्यावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"टायर घासून राहिला इथं. पोरीले काहून दोष देऊन राहिले?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वडील आणि मी उरलाच्या रस्त्यावर टायरवाल्याकडे गेलो. त्याने टायरवरचा आकडा दाखवला, एकशे पंच्याहत्तर. म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. मग एक चाक उघडून रिमची रुंदी मोजली. जेमतेम चार इंच.

"दीदी, रिम पतली है. इतना चौड़ा टायर इस पर फूलकर बैठता है, मोड़ने पर अंदर लगेगा ही."

गाडीच्या दारावरच्या कंपनीच्या पट्टीवर एकशे पंचेचाळीस लिहिलं होतं. एकशे पंचावन्नही या रिमवर नीट बसतो, न घासता, असं तो म्हणाला. किंवा हेच टायर ठेवायचे तर रुंद रिमा घ्या. मी वडिलांकडे पाहिलं.

"गाडी तुले चालवाची आहे. तूच सांग."

रोजचा रस्ता, पाऊस, गल्लीतलं वळण, सगळ्याबद्दल मी त्याला विचारलं आणि एकशे पंचावन्न सांगितले. दिसायला गाडी थोडी बारीक झाली.

संध्याकाळी गल्लीत पूर्ण वळण घेतलं. आवाज आला नाही. यजमान फाटकाशी उभे राहून बघत होते. सकाळी डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "मले स्टेशनवर सोडून देशील?"