धुक्यातली तीन मिनिटं

माझी धाकटी जाऊ हरत नाही. म्हणजे ती जिंकते असं नाही. हरायची वेळ आली की ती जागेवर नसते.

लग्न होऊन घरात आली तेव्हा ती एकोणीसची आणि मी सव्वीसची. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की आम्ही दोघी सोंगट्यांचा पट मांडायचो. तिचं दान चांगलं पडत असलं तर तिच्याइतकी चिकट बाई नाही, मांडी मोडायची नाही की पाणी प्यायला उठायची नाही. पण माझ्या सोंगट्या पुढे सरकल्या की तिचे कान टवकारायचे. "जाऊबाई, दूध उतू जातंय वाटतं," म्हणून उठायची ती गेलीच. मी जाऊन बघावं तर दूध झाकून फडताळात, शेगडी गार, आणि बाईसाहेब दोरीवर कपडे वाळत घालतायत. एकदा तर घरात दूधच नव्हतं.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

आता ती त्रेसष्टची आहे आणि सगळे तिला टेलरबाई म्हणतात. कोट, गणवेश, पँटची लांबी, फाटके खिसे, बिघडलेल्या चेनी, काही आणा. दुकान एका इमारतीच्या तळघरात आहे, सहा पायऱ्या उतरून. वरच्या अरुंद खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. धाकटी त्या पायांकडे बघून सांगते, ही पँट कुणी शिवली आणि शिवताना त्याचं कुठे लक्ष होतं. मी दुपारी तिच्याकडे जाऊन बसते. बटणं लावते, तुरपाई करते. सुई ओवायला आता मला पाच वेळा थुंकी लावावी लागते, पण ओवली की टाका अजून सरळ पडतो.

माझा दीर गेला त्या वर्षी धाकटी मशीनसमोर नुसती बसून राहायची. परगावी असलेल्या तिच्या मुलीने एक मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला आणि त्यात जहाजाचा खेळ घालून दिला. म्हणाली, आई, यात चार माणसं लागतात, तुला कुणीतरी वाट बघणारं मिळेल. धाकटीने नाक मुरडलं. महिन्याभरात तिने दुकानाची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाने वाढवली.

खेळ असा. एक जहाज, त्यावर चौघं, आणि ते चौघं चार गावांत आपापल्या घरी नाहीतर कामावर बसलेले. एक सुकाणू धरतो, एक तोफा डागतो, एक पाणी उपसतो आणि एक भोकं बुजवतो, शिडं शिवतो. धाकटीकडे कोणतं काम आलं ते सांगायला नको. सुकाणूवर कप्तान म्हणून एक दातांचा डॉक्टर. तोफांवर लिफ्ट दुरुस्त करणारा एक जण. पाणी उपसायला एक बाळंतीण. धाकटीने यातल्या कुणालाही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. नावं विचारायची पद्धत नव्हती, ज्याच्या त्याच्या कामावरून हाका. कानात बोंडं घातली की गिऱ्हाईक आलेलं कळत नाही, म्हणून धाकटी आवाज उघडाच ठेवते, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येतं.

या चौघांचं घड्याळ कधी जुळायचं नाही. डॉक्टरच्या खुर्चीत कुणीतरी जबडा धरून यायचा, लिफ्टवाल्याचा फोन खड्ड्यात उतरला की मुका व्हायचा, बाळ रडायचं, आमच्याकडे गिऱ्हाईक यायचं. म्हणून कप्तानाने एक नियम घातला होता. मध्येच जायचं असेल तर एका शब्दात खरं कारण सांगून जा, आणि नेट गेल्यामुळे सांगता आलं नाही तर परत आल्यावर सांगा. मग डावभर चालायचं: "दाढ." "लंगोट." "खड्डा." "गिऱ्हाईक." जो जाईल त्याचा माणूस जहाजावर उभ्या उभ्या झोपायचा आणि बाकीचे त्याला संभाळून घ्यायचे. सख्ख्या भावंडांत इतकं पाहिलं नाही मी.

आता धुक्याचं. खेळ बनवणाऱ्यांनी एक दया ठेवली होती. जो आपणहून उठून गेला त्याचं काही नाही, पण कुणाचं नेट मधेच तुटलं तर त्याच्या जहाजाभोवती तीन मिनिटं धुकं येतं. तेवढ्या वेळात त्याला कुणी तोफ मारू शकत नाही. माणूस तीन मिनिटांत परतला तर पुन्हा आपल्या जागी, नाहीतर जहाज त्याच्याविना पुढे. एका डावात धुकं एकदाच.

आमच्या तळघरात मोबाईलचं नेट पोचत नाही. भिंतीवर नेटचा डबा आहे, तो विजेवर चालतो. आणि दुकानातली वीज अशी की इस्त्री आणि मशीनची मोटर एकदम लावली की मीटरच्या पेटीतलं बटण खाली पडतं आणि सगळं बंद. ती पेटी पायऱ्यांच्या वर. बटण वर करायला मी जायची, कारण धाकटीच्या मांडीवर नेहमी कुणाचा तरी कोट पसरलेला.

वर्षभर मी हे इमानेइतबारे केलं. वीज जायची, नेट जायचं, जहाजावर धुकं यायचं, मी गुडघे धरत सहा पायऱ्या चढायची आणि बटण वर करायची. धाकटी परत येऊन बापुडवाण्या आवाजात सांगायची, "नेट." बाळंतीण म्हणायची, बिचाऱ्या काकू.

एक दिवस मी उठले तर धाकटी मागून म्हणाली, "सावकाश जा जाऊबाई, घाई नाही."

चाळीस वर्षांत या बाईने मला सावकाश जा म्हटलेलं नाही. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम बटणांचा डबा सांडला आणि वेचायच्या निमित्ताने टेबलाखाली बसले. वर कप्तान ओरडत होता की दोन तोफा लागल्या, पाणी गुडघ्यापर्यंत आलं. आणि इथे खाली माझ्या डोळ्यांदेखत धाकटीच्या डाव्या पायाच्या अंगठ्याने इस्त्रीचा खटका दाबला आणि उजव्या पायाने मशीनचं पेडल. खट. अंधार.

मी टेबलाखालूनच म्हटलं, "दूध उतू गेलं का गं?"

तिने मांडीवरचा कोट सारखा केला. मग हळूच म्हणाली, "तीन मिनिटं असतात, जाऊबाई." मी उठून बटण वर करायला गेले. माझंही चुकलंच, पण जहाज बुडालं असतं तर ती बाळंतीणही बुडाली असती ना.

असं आणखी वर्षभर चाललं. मग स्पर्धा आली. चाळीस जहाजं, शेवटची दहा तरतील ती पुढच्या फेरीत. नावं शनिवारपर्यंत द्यायची होती. शुक्रवारी लिफ्टवाल्याने विषय काढला. त्याच्या मेहुण्याकडे नेट असं की वादळात हलत नाही, आणि टेलरबाईंचा हात चांगला पण नेट गळकं. कप्तान म्हणाला, स्पर्धेत पंच असतात, ते कोण कितीदा तुटलं ते मोजतात आणि संशय आला तर जहाजच काढून टाकतात. तेव्हा ठरवायला हवं, टेलरबाई की मेहुणा.

धाकटी समोरच बसून ऐकत होती. हातातली कात्री तशीच उघडी. नेट चांगलं आहे म्हणावं तर लबाडी बाहेर येते, आणि गप्प बसावं तर नेट गळकं म्हणून जागा जाते. ती जागा गेली तर दुपारी तिला एका शब्दाचा हिशेब मागणारं कुणी उरणार नव्हतं. मी टाका घालायचा थांबवून तिच्याकडे बघितलं. तिचा अंगठा खटक्याकडे गेला होता. मी त्यावर माझी चप्पल ठेवली.

तेवढ्यात बाळंतीण बोलली. काकूंनी तिचं बाळ तापाने फणफणलं होतं तेव्हा तिचं पाणीही उपसलं होतं, आणि नेटचं म्हणाल तर त्यावर उपाय असतो, बाजारात छोटी बॅटरी मिळते, वीज गेली तरी नेटचा डबा चालू राहतो. कप्तानाने दुकानाचा पत्ता विचारून घेतला. मग म्हणाला, बॅटरी मी पाठवतो.

चार दिवसांनी खोका आला. आत वहीच्या कागदावर दोन ओळी होत्या. मी जोडाक्षरांना अडखळत वाचल्या: आता तुमचं जहाज आमच्या हातून सुटणार नाही. तुम्ही फक्त बसून राहा. धाकटीने तो कागद दोनदा माझ्याकडून वाचून घेतला आणि शिलाईच्या बिलांच्या तारेत अडकवला. बॅटरी भिंतीवर लावायला वरच्या मजल्यावरचा माणूस आला, तेव्हा तो दात उपटायला आल्यासारखं ती त्याच्याकडे बघत होती.

स्पर्धेच्या दुपारी दुकान बंद ठेवायचं ठरलं होतं. पण शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई ऐन वेळी पायऱ्या उतरून आल्या. त्यांना दुसऱ्या दिवशी भाषण करायचं होतं आणि कोटाची एकच बाही लागलेली. धाकटीने त्यांना स्टुलावर उभं केलं, दुसऱ्या बाहीला टाचण्या लावल्या, आणि फोनमधून कप्तानाने हाक मारली. "दोनच मिनिटं हं बाई," म्हणून ती टेबलाशी बसली. टाचण्यांमुळे मुख्याध्यापिका बाईंना हात खाली घेता येईना. त्या एक हात आडवा धरून उभ्या राहिल्या.

चाळीसची तीस झाली, तीसची वीस. आमचं जहाज मधोमध सापडलं. दोन बाजूंनी तोफा. कप्तान नुसता "धरून ठेवा, धरून ठेवा" म्हणत होता, बाळंतिणीचा श्वास ऐकू येत होता. धाकटी एक भोक बुजवायची तर दोन पडायची. सोळा जहाजं उरली. पाणी कमरेला आलं.

आणि तिचे दोन्ही पाय सवयीने गेले. खट. दिवा गेला, पंखा गेला, मशीन गेलं. मीही सवयीने उठले आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

मागे तोफा वाजतच होत्या.

मी वळून बघितलं. सगळ्या तळघरात अंधार, आणि मधोमध फोनचा उजेड धाकटीच्या तोंडावर. भिंतीवर बॅटरीचा हिरवा ठिपका. धुकं नाही, काही नाही. ती माझ्याकडे बघत होती. सासूबाईंनी पट मांडलेला पकडला होता, तेव्हा असंच बघितलं होतं तिने.

मग तिला आठवलं की एक खरं कारण दुकानात उभं आहे. आवाज गोड करून म्हणाली, "बाई, तुम्हाला उशीर होत असेल ना? तुमची बाही आधी..."

"छे, मला कसली घाई," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. एक हात आडवा धरूनच त्या स्टुलावरून उतरल्या, येऊन तिच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या, आणि वर्गात बोट करावं तसं म्हणाल्या, "ते डावीकडचं राहिलं."

डावीकडचं बुजवलं. त्याच्या खालचं बुजवलं. शीड फाटलं ते शिवलं. मी जिन्यातच उभी राहिले, बटण वर करायचं मला सुचलंच नाही. पंधरा उरली. चौदा. पाणी गळ्याशी आलं तेव्हा लिफ्टवाल्याने हात टेकले, पण धाकटी नाही. चौदाची तेरा होताना पडदा निळा झाला, आणि तरी ती त्या निळ्या पाण्यात भोक शोधत होती. मग सगळं शांत झालं. आमचं जहाज बुडालं होतं, आणि चौघंही त्यावर होते.

नियमाप्रमाणे शब्द सांगायची गरज नव्हती, कुणी गेलंच नव्हतं. तरी धाकटी म्हणाली, "इस्त्री."

"काय?" बाळंतीण म्हणाली.

तिने सांगितलं. अंगठा, पेडल, मीटरचं बटण, मी चढलेल्या पायऱ्या, सगळं. सांगताना ती टेबलावरचा खडू इकडचा तिकडे करत होती. संपल्यावर म्हणाली की पुढच्या वेळी मेहुण्यालाच घ्या.

कप्तानाने घसा साफ केला. तो म्हणाला, "टेलरबाई, दर वेळी बुडायच्या आधीच तुमचं नेट जायचं. मी दात उपटतो, गणित मलाही येतं. मला केव्हाचं माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"वाचत होतो ना आपण. पंच येणार म्हटल्यावर तुमच्या पायाचं काहीतरी करायला हवं होतं, म्हणून ती बॅटरी. मेहुणा कशाला? उद्या दोन वाजता."

लिफ्टवाला म्हणाला की मग त्याच्या "खड्ड्या"बद्दलही कुणी फार खोलात जाऊ नये. बाळंतिणीने घाईघाईने विषय बदलला. तिचं बाळ आता अडीच वर्षांचं आहे आणि लंगोट सुटून सहा महिने झाले, हे ती एकदा बोलता बोलता सांगून बसली होती आणि मी ऐकलं होतं, तरी तिचं "लंगोट" चालूच होतं. मी कुणाला बोलले नाही.

"माझी बाही," मुख्याध्यापिका बाई अंधारात म्हणाल्या. मी वर जाऊन बटण लावलं.

त्या संध्याकाळी मी घरी जुना पट काढला. म्हटलं, बाई सुधारली, बघू तरी. अर्धा तास खेळलो. माझ्या तीन सोंगट्या आत गेल्या, तिची एक. तिने मान तिरकी करून कान दिला.

"जाऊबाई, दूध..."

"जा," मी म्हटलं. "सावकाश जा, घाई नाही."

ती गेली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तीन मिनिटं थांबले. धुक्यात समोरच्याला मारायचं नसतं, तो नियम मला मान्य आहे. सोंगटी हलवायची नाही असं मात्र कुणी सांगितलेलं नाही, आणि ती दूध बघायला उठायला लागली तेव्हापासून मी एक तरी हलवतेच आहे.