शेवटच्या कडव्यातलं नाव

हे मी माझ्या बायकोलासुद्धा सांगितलं नाही. ती आता नाही. मुलगा आहे, सून आहे, त्यांच्याजवळ इथं सुरतेला राहतो, पण त्यांना सांगायची छाती होत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. आणि सावकाश सांगतो – घाईत सांगितलं की मी माझ्या सोयीचं तेवढंच सांगतो, ही खोड मला ठाऊक आहे.

मी उमरीकडचा. शाळा सहावीतून सुटली. बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या विहिरींचे तळ दिसले, तेव्हा आम्ही नवराबायको उदगीरच्या बाजूला सडकेच्या कामावर खडी फोडायला गेलो. बायकोचे दिवस भरलेले होते. कळा सुरू झाल्या त्या तिथंच, खडीच्या ढिगाआड पोत्यावर. कुणीतरी दवाखान्याकडं पळालं आणि सिस्टर आल्या. इंदूबाई. भर उन्हात, चालत, हातात पत्र्याची पेटी.

त्या दिवशी पाण्याचा टँकर आलाच नव्हता. घागरीच्या बुडाशी होतं तेवढं पाणी त्यांच्या हात धुण्यात गेलं. पोरगं झालं, रडलं, पण न्हाऊ कशानं घालायचं? सिस्टरांनी आपल्या पांढऱ्या सरकारी साडीच्या पदरानं त्याला पुसून काढलं. आणि हे सगळं चालू असताना त्या गुणगुणत होत्या – दोन कळांच्या मधल्या वेळात, जरा थांबून, परत. मी घाबरून काहीतरी विचारलं, तर म्हणाल्या, "गाणं करायलेय. मधी बोलू नको."

माझ्या पोराचा पाळणा असा तयार झाला. त्याचं शेवटचं कडवं हे होतं –

न्हाऊ घालाया पाणी न्हाई, पुसलं म्यां पदरानं,
इंदू म्हणे, नीज बाळा, नीज आता धीरानं.

पुढं त्यांनीच मला दवाखान्यात झाडलोटीच्या कामावर लावून घेतलं. माझ्यासारख्या सहावी शिकलेल्या परक्या माणसाला कुणी उभं केलं असतं? त्या बाळंतपणं करायच्या आणि गाणी करायच्या. जुन्या लसीच्या कार्डांच्या पाठीवर चार-चार ओळी खरडून माझ्याकडं द्यायच्या, मी त्या एका वहीत स्वच्छ उतरवून काढायचो. माझं अक्षर त्या वहीनं घडवलं. आत्ता हे ज्या अक्षरात लिहितोय ना, ते त्यांचंच देणं आहे.

आमच्या वस्तीत गायनपार्टी होती. मी ढोलकीवर. जयंतीला, बारशाला पार्टी त्यांचीच गाणी म्हणायची. त्या स्वतः कधी गायला उभ्या राहिल्या नाहीत, सरकारी नोकरी, शिवाय घरून परवानगी नाही. पण आमच्याकडं रीत आहे, शेवटच्या कडव्यात गाणं करणाऱ्याचं नाव येतं, आणि गाणाऱ्यानं ते घ्यायचंच. कुठलंही गाव असो, माणूस मेलेला असो – नाव घ्यायचं. एकदा वही चाळताना त्या म्हणाल्या, "दत्तू, पगार नवऱ्याच्या हातात जातो, लेकरांना त्याचं नाव लागतं. शेवटच्या ओळीत तेवढी मी हाय बघ." हसत म्हणाल्या. मीही हसलो होतो.

मग लातूर जिल्हा नवा झाला. त्या निमित्तानं लातूरला कार्यक्रम होता आणि आमच्या पार्टीला बोलावणं आलं. आमच्या गायकाचा घसा बसलेला, म्हणून मला पुढं केलं. बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत सिस्टर बसलेल्या. मी पाळणा म्हटला. शेवटचं कडवं आलं आणि मी म्हणालो – दत्तू म्हणे.

जीभ घसरली, एवढा जमाव पाहून गडबडलो, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. तसं नाही. आठवडाभर आधी दवाखान्याच्या आडावर पाणी शेंदताना मी एकटाच ते म्हणून बघितलं होतं. इंदू काढून दत्तू घातलं तर चालीत बसतं का? बसत होतं. कुठं धक्कासुद्धा लागत नव्हता.

खाली उतरलो तर नव्या कचेरीतले एक साहेब विचारायला लागले, गाणं कुणाचं? मी म्हणालो, "माझ्याच पोराच्या जन्माचं हाय, साहेब." मी केलं, असं म्हणालो नाही. तेवढी हुशारी होती माझ्यात. त्यांनी पाठीवर हात ठेवला. पुढं त्याच कचेरीत मला शिपायाची कायम नोकरी लागली, ती त्या गाण्यावर.

एकट्या गोदामावशीनं धरलं मला. पार्टीत टाळ वाजवायची म्हातारी. परतीच्या एसटीत सगळ्यांदेखत म्हणाली, "पुसलं म्यां पदरानं? का रं दत्तू, तुला पदर कवा आला?"

सगळी गाडी हसली. मीही हसलो, "मावशी, गाण्यात कुणालाबी पदर येतोय," असं काहीतरी बोललो. सिस्टर खिडकीशी बसल्या होत्या. त्याही हसल्या, तोंडावर हात ठेवून. उदगीरच्या स्टँडवर उतरल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "पोरगं कितवीत हाय आता?"

"चौथीत."

"शाळा सोडू देऊ नको त्याला."

बस्स. त्यानंतर एकही कार्ड माझ्याकडं आलं नाही. त्यांनी गाणी करायचं सोडलं, की फक्त मला द्यायचं सोडलं? मी विचारलं नाही. वही माझ्याकडंच राहिली, ती त्यांनी परत मागितली नाही. मीही नेऊन दिली नाही.

इथपर्यंतचं मी एखाद्या वेळी कुणाला सांगूही शकलो असतो. पुढचं नाही.

सिस्टर वारल्यावर वर्षभरानं त्यांची लेक मला शोधत लातूरच्या घरी आली. दारातूनच म्हणाली, "मामा, ओळखलं का?" मामा! तिच्या आईनं घरात माझं नाव त्या नात्यानंच ठेवलं होतं. एवढं झाल्यावरही. बायकोनं चहा केला. पोरगी म्हणाली, "आईची गाणी कुठंच सापडेनात. कार्डं दवाखान्याच्या रद्दीत गेली. आई म्हणायची, दत्तूमामानं सगळी उतरवून ठेवलीत. तुमच्याकडं वही असंल ना?"

ती ज्या पेटीवर बसली होती, तिच्यातच वही होती.

मी म्हणालो, "न्हाई गं पोरी. बदलीच्या सामानात कुठंतरी गहाळ झाली."

तिनं चहा संपवला. मग माझ्या पाया पडून गेली.

दुसऱ्या दिवशी बायको बाजारात गेली, तेव्हा मी पेटी उघडली. साठावर गाणी असतील. प्रत्येकाच्या शेवटी इंदू म्हणे, इंदू सांगे. पाळणाही होता, खरा, तसाच, आणि तो माझ्याच अक्षरात. उद्या कुणाच्या हाती लागला तर? नोकरी जाईल का? पोरगं काय म्हणेल? एक पान फाडून भागलं असतं. पण फाडलेल्या जागेकडं बघून कुणी विचारलं तर, अशीही भीती वाटली. मी सगळी वही न्हाणीच्या चुलीत घातली. पुठ्ठा लवकर पेटेना, म्हणून फुंकणीनं फुंकला. त्यावर तापलेल्या पाण्यानं अंघोळ करून कचेरीत गेलो.

त्या साठ गाण्यांतलं आज मला एकच येतं. इतरांच्या चाली अधूनमधून कानाशी येतात. शब्द येत नाहीत.

मुलगा शिकला. इथं मोठ्या दवाखान्यात औषधं देतो. त्याची लेक पाच महिन्यांची आहे. तो तिला तोच पाळणा म्हणतो, आणि सुनेला अभिमानानं सांगतो, बाबांनी माझ्यासाठी केला, दुष्काळात. सून माझ्याकडं आदरानं बघते. मी मान खाली घालतो, त्यांना तो साधेपणा वाटतो.

परवा दुपारी ती दोघं बाहेर गेली होती. नात रडायला लागली, म्हणून मी झोळीला झोका दिला आणि पाळणा धरला. घरात दुसरं कुणी नव्हतं. पाच महिन्यांचं लेकरू, त्याला नावातलं काय कळतं? ठरवलं, आज खरं नाव घ्यायचं. पदराची ओळ झाली. मी थांबलो, श्वास घेतला.

तोंडातून दत्तूच निघालं. पोर झोपली.