मावठ म्हणजे मावळती नव्हे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — गोष्ट सांगितली आहे, खूपदा, चांगली रंगवून. पण गोष्ट सांगणं वेगळं आणि खरं सांगणं वेगळं. खरं काय ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही, आणि तिला माझ्याबद्दल बाकी सगळं ठाऊक आहे.

आधी ती गोष्टच ऐका. जयपूरच्या आमच्या मराठी मंडळात ती फार चालते. गणपतीत, कोजागरीला, कुणाच्या बदलीच्या निरोपाला फर्माईश येतेच — 'सर, तुमचा तो मावठचा किस्सा होऊन जाऊ दे!' मग मी घसा खाकरतो. मी जयपुरात नवा, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला आलेला, हिंदी बेताची. एका रविवारी खातीपुऱ्याकडच्या शेतात फोटो काढतोय. मोतीजी नावाचे शेतकरी खळ्यावर बाजरी उपणतायत. आभाळात ढग येतात. मोतीजी मला विचारतात, "माटसाब, मावठ आवै छै कांई?" आता मावठ म्हणजे इकडचा थंडीतला पाऊस. मला वाटतं, मावठ म्हणजे मावळती! दिवस मावळायला आला का, असं विचारतायत! मी मनगटावरचं घड्याळ बघतो आणि ठासून सांगतो, "अभी बहुत देर है। आराम से काम करो।" आणि तासाभरात धो धो पाऊस.

इथं लोक पोट धरून हसतात. मी हातवारे चांगले करतो, घड्याळ बघण्याची नक्कल तर फारच झकास. हसण्याच्या भरात, त्या बाजरीचं पुढं काय झालं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. मीही सांगत नाही.

एकदाच, माझी मुलगी आठ-नऊ वर्षांची होती तेव्हा, मंडळातून परत येताना म्हणाली, "बाबा, मतलब तुम्ही सच्ची नाही समजले? तुम्हाला तर सगळ्यांचे शब्द येतात." मी तिला म्हणालो, नीट मराठी बोल आधी. ती बिचारी मराठी शब्द जुळवत बसली. बघा, कसा सुटलो मी!

खरी गोष्ट अशी, की मला मावठ हा शब्द येत होता. चांगला येत होता. कुणी शिकवला ते पुढं सांगतो — तेच सांगायला सगळ्यांत जड आहे.

वेड पांघरून पेडगावला जाणं, असं आपण म्हणतो ना? पेडगाव आमच्याच नगर जिल्ह्यातलं. तेव्हा ही विद्या माझ्या मातीतलीच म्हणायची. मातीवरून आठवलं — नगरचा माणूस मी, बाजरीवर वाढलेला. माझ्या मामाच्या खळ्यावर दिवाळीच्या सुट्टीत मी बैलांमागं फिरलोय. उपणलेल्या बाजरीच्या राशीवर पाऊस पडला तर काय होतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दाणा आधी फुगतो, मग काळा पडतो, मग त्याला कोंब येतात. शहरातला पोरगा होतो, कळलं नाही, ही पळवाटसुद्धा मला नाही.

मग का केलं? एका ढगासाठी.

हसू नका. जयपूरचं आभाळ तुम्हाला माहीत असेल तर कळेल. दसरा झाला की पाऊस गेला, तो गेलाच. कार्तिकात आभाळ असं स्वच्छ, की डोळ्याला सुख आणि कॅमेऱ्याला वैताग. पन्नास-साठच्या दशकांतली गोष्ट, फोटो काळेपांढरे. पोटाशी धरून वरून बघायचा कॅमेरा होता माझा, एका रोलमध्ये बारा फोटो. भिंगावर पिवळी काच लावली तरी त्या आभाळाचा कागदावर नुसता चुना उतरायचा. तीन वर्षं मी दर कार्तिकात सायकल मारत त्या ढाणीवर — शेतातल्या चार-पाच घरांची वस्ती, तिला तिकडे ढाणी म्हणतात — जात होतो. कडब्याच्या गंजी, मोट ओढणारा उंट, गोवऱ्या थापणारे हात, सगळं काढलं. आणि काढलं ते उत्तम काढलं. खोटी नम्रता मला जमत नाही — त्या काळी अख्ख्या जयपुरात माझ्याइतका उजेड ओळखणारा हौशी माणूस दुसरा नव्हता. पण माणसांच्या डोक्यावर दरवेळी तोच कोरा चुना.

त्या रविवारी सकाळी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलो. हवेचा दाब मोजायचं पाऱ्याचं यंत्र तिथं भिंतीला टांगलेलं होतं. त्याची रोजची नोंद फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे होतं, आणि सुट्टीच्या दिवशीही मी ते चुकवत नसे. त्या दिवशी पारा उतरला होता. थोडाथोडका नाही, डोळ्यांत भरण्याइतका. मी फळ्यावर आकडा लिहिला, हात झटकले आणि सायकल काढली. मला आनंद झाला होता! पारा उतरला म्हणजे ढग येणार, आणि ढग येणार म्हणजे मला माझा फोटो मिळणार.

हे मी किस्स्यात कधी सांगत नाही. किस्स्यात पारा नसतो.

आणि मोतीजींना तो पारा माहीत होता. आदल्या पावसाळ्यात मी त्यांना दोनदा सांगितलं होतं, उद्या पाऊस येणार म्हणून, आणि दोन्ही वेळा आला होता. तेव्हापासून ते मला, "माटसाब, मशीन कांई बोली?" असं विचारायचे. मास्तरसाहेब म्हणजे माटसाब. पन्नाशीचे असतील, उंच, कानात सोन्याच्या बारीक मुरक्या, बोलणं कमी. त्यांच्या बायकोचं नाव गुलाब. मी त्यांना भाभी म्हणायचो. उपणायचं काम मुख्यतः त्यांचंच. छाजला, म्हणजे आपलं सूप, डोक्याच्याही वर धरून अशा सोडायच्या, की भुसा वाऱ्याबरोबर बाजूला आणि दाणा सरळ पायाशी.

मी पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि पूर्वेचा वारा सुटला होता. उपणायला वारा लागतोच, म्हणून काम जोरात. रास गुडघ्याच्या वर आलेली. वर्षाची भाकरी होती ती, त्या घरातल्या नऊ माणसांची. आणि भाभींच्या मागं, खालून वर, एकावर एक चढत ढग येत होते. कडा पांढऱ्याशुभ्र, पोट काळं. मी गुडघ्यावर बसलो. त्यांचा हात वर जायचा आणि ढग अजून थोडा खाली असायचा. अजून पंधरा मिनिटं, अर्धा तास, मग तो बरोबर सुपाच्या मागं येईल, आणि तोवर ऊनही कडेनं येत राहील — मला सगळं आधीच दिसत होतं.

तेवढ्यात मोतीजींनी दाताळं खाली टाकलं. वर बघितलं. म्हणाले, ताडपत्री काढू, रास झाकू, पोती भरायला घेऊ. आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "माटसाब, मावठ आवै छै कांई?"

मी घड्याळ बघितलं. ते खरं आहे, घड्याळ बघितलं. पण दिवस कधी मावळतो ते बघायला नाही. त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायचा नव्हता म्हणून.

"अभी बहुत देर है," मी म्हणालो. "आराम से काम करो।"

त्यांनी एकदा ढगाकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे. मग दाताळं उचललं. माझ्या शब्दावर उचललं, दुसरं कुठलंही कारण नव्हतं. मी उरलेले सात फोटो काढले. शेवटून दुसरा तो.

पाऊस आला तेव्हा मी काय केलं असेल? कॅमेरा सदऱ्याच्या आत घातला आणि गोठ्याच्या छपराखाली पळालो. मोतीजी, भाभी, त्यांचे मुलगे, सुना, सगळे ताडपत्री घेऊन धावत होते आणि वारा ती ताडपत्री त्यांच्या हातातून हिसकत होता. एक टोक धरायला एक माणूस कमी पडत होता. तो एक माणूस छपराखाली रोल कोरडा ठेवत उभा होता. पाऊस अधूनमधून तीन दिवस पडला.

फोटो उत्तम आला. आजही म्हणतो, माझ्या हातून त्याहून चांगला फोटो झाला नाही. शहरातल्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. आमच्या बैठकीच्या खोलीत तो लावलेला आहे, आणि येणारा प्रत्येक माणूस आधी ढगाबद्दल बोलतो.

दहाएक दिवसांनी मी त्याची एक प्रत घेऊन ढाणीवर गेलो. जायची लाज वाटत होती, पण न जाणं जास्त संशयाचं दिसलं असतं. बघा, डोकं कसं चालत होतं माझं! ओट्यावर मोतीजी, त्यांचे थोरले भाऊ आणि शेजारचे दोघे बसले होते. अंगणभर बाजरी पसरलेली. काळी, आणि अधूनमधून पांढरे कोंब. थोरल्या भावानं मला रामराम केला नाही. मोतीजींना मोठ्यानं विचारलं, "यो ही छै कांई, जो रोक्यो थो?" हाच का तो, ज्यानं थांबवलं?

मी खाली बघून कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करत राहिलो. आता मोतीजी काय बोलतात! वाईट शिवी मी मनात आधीच ऐकून घेतली होती.

मोतीजी शांतपणे म्हणाले, "माटसाब दखणी छै. मावठ कांई होवै, आं नै कांई मालूम?" हे दक्षिणेकडचे, मावठ म्हणजे काय ते यांना काय ठाऊक.

थोरला भाऊ निवळला. मग हसलासुद्धा, परदेशी माणसाला हसावं तसा. आणि मीही — होय, मीही हसलो. मान हलवली. मोडक्या हिंदीत, मुद्दाम जास्त मोडक्या हिंदीत म्हणालो, मला वाटलं तुम्ही दिवस मावळायचं विचारताय. आमच्याकडे मावळणं म्हणतात ना! ओट्यावर हशा पिकला. मंडळात सांगतो तो किस्सा तिथं, त्या ओट्यावर, त्या काळ्या बाजरीसमोर जन्मला.

भाभींनी मला जेवायला वाढलं. त्याच बाजरीची भाकरी, वर तूप आणि गूळ नेहमीपेक्षा जास्त, कडवटपणा लपावा म्हणून. लपत नव्हता. मी दोन खाल्ल्या. मग त्यांनी पदराला हात पुसून फोटो हातात घेतला, पुष्कळ वेळ बघितला. स्वतःचा चेहरा त्यांना त्यात दिसलाच असेल. म्हणाल्या, "बादळ चोखो आयो, माटसाब." ढग छान आलाय.

त्यानंतर दहा वर्षं मी मोतीजींकडे जात राहिलो. क्षमा मागायच्या कितीतरी संधी मिळाल्या. विहिरीवर, शेकोटीपाशी, त्यांच्या नातीच्या लग्नात. एकदाही तोंड उघडलं नाही. मग मोतीजी गेले. त्या शेतात आता घरं आहेत.

आता राहिलेलं सांगतो. तो शब्द मला कुणी शिकवला ते.

माझा जयपुरातला पहिला हिवाळा. पौषात एक दिवस पाऊस पडला आणि मी भिजत ढाणीवर पोचलो. मोतीजी गव्हाच्या बांधावर उघड्या डोक्यानं उभे होते, मुलासारखे खूश. मला म्हणाले, ही मावठ. म्हणा — मावठ. मी म्हणालो. पुन्हा म्हणा. पुन्हा म्हणालो. मास्तराला शिकवायची त्यांना फार गंमत वाटत होती. मग बोट उचलून म्हणाले, शेतात आली तर सोनं, खळ्यावर आली तर सत्यानाश. हे नीट ध्यानात ठेवा. मी खिशातल्या वहीत लिहून घेतलं आणि त्यांना दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी अक्षरावर बोट ठेवून बघितलं. बदल्यात मी त्यांना आपला शब्द दिला — अवकाळी. तो त्यांना काही नीट म्हणता येईना. औकाळी, औकाळी म्हणून हसत राहिले. मी न सांगता केव्हाही उगवतो म्हणून त्या दिवसापासून त्यांनी माझंच नाव औकाळी ठेवलं. लांबून सायकल दिसली की बांधावरून हाक यायची, "आओ, औकाळी माटसाब!"

म्हणजे ओट्यावर चार माणसांत, यांना मावठ काय ठाऊक, असं जेव्हा ते म्हणाले, तेव्हा मी जाणूनबुजून खोटं बोललो होतो हे तिथं दोघांना माहीत होतं. मला, आणि मोतीजींना.

त्या दिवसानंतरही मी गेलो की ते उठून उभे राहायचे, खाट टाकायचे, चहा सांगायचे. माटसाब म्हणायचे. औकाळी पुन्हा कधी म्हणाले नाहीत.